पिंजऱ्यातून अरण्याकडे
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



प्राणिसंग्रहालय म्हटले की आपल्याला रविवारची सहल आणि पिंजऱ्यात येरझारा घालणारा वाघ आठवतो. प्राणी बाळगले म्हणजे त्यांचे रक्षण झाले, हा समज मात्र इतिहासाने खोटा ठरविला आहे. अकबराने पदरी शेकडो चित्ते बाळगले. तरी बंदिवासात एका मादीला पिल्ले झाली, ही गोष्ट जहांगीराला आत्मचरित्रात नवल म्हणून नोंदवावीशी वाटली. शिकारी चित्ते रानातूनच धरून आणीत. त्यात हत्येची आणि माळरानांच्या ऱ्हासाची भर पडली व १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ साली नामिबियाहून आणावे लागले ते आफ्रिकी चित्ते होत. आपले आशियाई नव्हेत.

आता आपल्या हैदराबादेतीलच उदाहरण पाहू. पिसोरी हे तीन-चार किलो वजनाचे, शिंगे नसलेले, रात्री हिंडणारे लाजाळू हरिण. २०१० साली नेहरू प्राणिउद्यान आणि ‘लॅकोन्स’ ही प्रयोगशाळा यांनी मोजक्या हरणांनिशी त्याच्या प्रजननाचा प्रकल्प आरंभिला. नात्यातच जोड्या जमल्या तर संतती दुबळी निपजते. म्हणून अशा कामात प्रत्येक जनावराच्या मातापित्यांची नोंद ठेवावी लागते. आपल्या ग्रंथपालांच्या दाखल नोंदवहीइतकीच ती काटेकोर असावी लागते. हरणांची संख्या वाढत जाऊन शेकड्यांत पोहोचली. २०१७ साली त्यांतील काही अम्राबादच्या व्याघ्रप्रकल्पात नेण्यात आली. आधी कुंपणाच्या आत रानाची सवय आणि मग मोकळे रान, असा हा क्रम.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. संग्रहालय हरिण वाढवू शकते, अरण्य वाढवू शकत नाही. अम्राबादचे रान तुटले, तेथे फासे लागले, तर ही सारी मेहनत व्यर्थ होय. शिवाय संग्रहालयांतील बहुसंख्य प्राणी कधीच रानात परतणार नाहीत, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्यांच्या बंदिवासाचे मोल आपण प्रेक्षकांनी फेडावयाचे आहे. त्यांना पाहून घरी परतताना रानाची चिंता सोबत नेली, तरच ते फिटेल.

मित्रहो, पुस्तक कपाटात जपणे हे ग्रंथालयाचे अर्धेच कार्य. ते वाचकाच्या घरी जाते तेव्हा ते पूर्ण होते. प्राणिसंग्रहालयाचीही परीक्षा हीच. आत किती प्राणी आहेत, यापेक्षा बाहेर किती गेले आणि तेथे नांदले, हे आपण विचारू या.