झाकलेलं ताट

(वागळे इस्टेट येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आज तुम्ही रांगेत बसलात आणि मी माईकसमोर. व्याख्यानाला हे ठीक आहे. माझ्या कामात मात्र खोलीत शिरल्यावर पहिली गोष्ट करायची ती खुर्च्या गोल मांडायची. कोणी कोणाच्या पाठीमागे बसायचं नाही. मी गट-समुपदेशन करते. आठ ते दहा माणसं, ठरलेला वार, दीड तास, दार बंद.

वागळे इस्टेटमध्ये या विषयावर बोलताना एक गोष्ट आधी सांगून टाकते. इथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर १९०१ सालचं मनोरुग्णालय आहे. 'याला ठाण्याला पाठवा' हा टोमणा साऱ्या महाराष्ट्राने आपल्या गावाच्या नावावर चिकटवून ठेवलाय. त्यामुळे इथल्या माणसाला मनाच्या दुखण्याबद्दल चारचौघांत बोलणं दुप्पट जड जातं. याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयपीएच ही मनआरोग्याची संस्था उभी केली, हेही तितकंच खरं. टोमणाही इथला आणि त्यावरचं कामही इथलंच.

चारचौघांत बोलून बरं वाटतं, हे वैद्यकशास्त्राला जरा अपघातानेच कळलं. १९०५ साली बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी सॅनेटोरियमचा खर्च न परवडणाऱ्या क्षयरोग्यांचा आठवड्याचा वर्ग सुरू केला. हेतू साधा: विश्रांती, मोकळी हवा आणि आहाराचे नियम सगळ्यांना एकदम सांगावेत. पण रोगी एकमेकांना भेटल्यानेच उभारी धरतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे १९३५ मध्ये अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलत राहिले. त्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभी राहिली. तिथे गट चालवायला कोणी डॉक्टर नसतो, सभेचं काम सभासदच आळीपाळीने चालवतात.

आपल्याकडे पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की, व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे तिथे कार्यकर्ते झाली. आधी गोलात बसली, मग गोल सांभाळायला शिकली. गट चालवणाऱ्याच्या प्रशिक्षणाचा याहून चांगला क्रम मला माहीत नाही. तिथे 'सहचरी' नावाचा गट आहे, व्यसनी माणसांच्या बायकांचा. ज्याला आजार आहे त्याच्याइतकाच, ज्याच्या घरात आजार आहे त्यालाही गोल लागतो. स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत हेच काम डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये स्थापन केलेल्या पुण्याच्या 'सा' या संस्थेने केलं. याच आजारावरचा २००४ चा 'देवराई' हा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात आजारी भावाइतकीच त्याची बहीणही लक्षात राहते.

आता माझी गोष्ट. तपशील बदललेत, का, ते पुढे कळेल.

माझा पहिला स्वतंत्र गट अशाच घरच्यांचा होता. शनिवारी संध्याकाळी जमायचे. त्यात एक काका होते, इथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर. तीन शनिवार ते नुसते बसून राहिले. चौथ्या शनिवारी म्हणाले, "मुलगा चार वर्षं घराबाहेर पडलेला नाही." कोणीतरी विचारलं, "जेवतो का?" काका म्हणाले, "रात्री. आम्ही झोपलो की."

खोली शांत झाली. पंखा तेवढा वाजत होता. मला ती शांतता सोसवेना. मी सुरू झाले: औषधं का लागतात, मेंदूत काय होतं, माणूस एकलकोंडा का होतो. सगळं बरोबर सांगितलं. काकांनी मान डोलावली. समोर बसलेल्या एका बाईंनी काही बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

सोमवारी माझ्या पर्यवेक्षक मॅडमना मी हे मोठ्या समाधानाने सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "त्या बाई काय बोलणार होत्या?"

मला माहीत नव्हतं. पुढचे दोन शनिवार काका आले नाहीत.

गट चालवणाऱ्याचं निम्मं शिक्षण या एका प्रश्नात आहे. एकेकट्याला समुपदेशन करताना उत्तराची जबाबदारी बरीचशी माझ्यावर असते. गटात उत्तर समोरच्या खुर्चीत बसलेलं असतं, आणि मी फार हुशारी केली तर ते तिथेच मरतं. अर्विन यालोम यांचा गटोपचारावरचा ग्रंथ १९७० साली आला. गटामुळे माणूस का सावरतो, याची अकरा कारणं त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांत दिलेली आहेत. माहिती मिळणं हे त्यातलं फक्त एक. आशा वाटणं, 'हे माझ्या एकट्याचं नाही' हे कळणं, आपलाही कोणाला उपयोग होतो हे अनुभवणं, ही त्यातली इतर कारणं. ती मला वाटता येत नाहीत. ती माणसांनी एकमेकांना द्यायची असतात.

मग चालकाने करायचं काय? चौकट सांभाळायची. वेळेवर सुरू, वेळेवर बंद. गटात घेण्याआधी प्रत्येकाला एकटं भेटायचं, कारण गट सगळ्यांसाठी नसतो. जो आत्ता जीव द्यायला निघालाय, त्याला आधी डॉक्टर हवा. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यासाठीही आहे. शिवाय भांडणाला घाबरायचं नाही. ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटाचे टप्पे मांडले. त्यात ओळखीनंतरचा टप्पाच खटक्यांचा आहे. नवशिक्याला वाटतं, गट मोडला. खरं तर तो तेव्हा कुठे जमू लागलेला असतो.

तिसरी गोष्ट गुप्ततेची. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. उपचार करणाऱ्यांवर त्याने गोपनीयतेचं बंधन घातलंय. पण गटातल्या शेजाऱ्याला शब्दानेच बांधावं लागतं. इथे तर किसननगरचा माणूस लोकमान्यनगरच्या माणसाला वडापावच्या गाडीवर भेटणारच. म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी ठरवतो: बाहेर भेटलो तर ओळख द्यायची की नाही, हेसुद्धा.

हे सगळं दोन दिवसांच्या कार्यशाळेत आणि भिंतीवरच्या प्रमाणपत्रात मिळत नाही. आधी स्वतः सभासद म्हणून गोलात बसावं, मग अनुभवी चालकाच्या जोडीला बसावं, मग स्वतः चालवावं आणि दर आठवड्याला कोणापुढे तरी आपली चूक उलगडावी. शेवटची पायरी सगळ्यात लवकर गळते. मानधन नसतं, वेळ नसतो, आणि चुका दाखवून घ्यायला कोणाला आवडतं? पण जो आपला गट कोणालाच दाखवत नाही, त्याच्या गटात जाऊ नका, असं मी उघड सांगते.

ते काका दोन शनिवार चुकवून तिसऱ्या शनिवारी परत आले. पुढे एकदा मीच गटाला विचारलं, मी कशी चालवते? काका म्हणाले, "ताई, बेअरिंग फार आवळलं की तापतं, सैल सोडलं की वाजतं. तुम्ही सुरुवातीला आवळत होतात." माझ्या कामाची इतकी नेमकी तपासणी कोणत्याही पुस्तकाने केलेली नाही.

दोनेक महिन्यांनी पुन्हा जेवणाचा विषय निघाला आणि तशीच शांतता पडली. या वेळी मी हात मांडीखाली दाबून बसले. पंखा वाजत राहिला. मग समोरच्या त्या बाई काकांकडे बघून म्हणाल्या, "आमची मुलगीपण रात्रीच जेवते. मी ताट झाकून ठेवते. सकाळी रिकामं दिसलं, की माझा दिवस बरा जातो."

काकांनी विचारलं, "ताटात काय ठेवता?"

त्या सांगू लागल्या. त्यानंतरची पंधरा मिनिटं मी एक शब्दही बोलले नाही.