परक्या पलटणीची वाट
(हथखोज, भिलाई येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आजचा विषय माझा नाही. तुमच्या संयोजकांनी फोनवर सांगितलं, ‘इथली काही पोरं परदेशी फौजेत जायचं म्हणतात, त्यावर बोला.’ मी म्हटलं, एखादा निवृत्त सुभेदार बोलवा की! ते म्हणाले, सुभेदार शौर्यावर बोलतील, आम्हाला कागदावर बोलणारा माणूस हवा. माझी हयात कामगारांचे खटले चालवण्यात गेली. तेव्हा मी कागदावरच बोलेन.

हा मुलगा कोण आहे, ते तुम्हाला माहीत आहे. आयटीआय झालेला, इथल्याच एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ठेकेदाराकडे वेल्डिंग करणारा. पहाटे उठून धावायची सवय आहे, कारण अग्निवीर व्हायचं होतं. तेव्हा तिथली वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस होती. एकदा दौड हुकली, एकदा मेडिकल, आणि बाविसावं लागलं तेव्हा दार बंद झालं. अंग कमावलेलं आहे, मन तयार आहे, आणि घेणारा कोणी नाही. अशा वेळी मोबाईलवर कोणी ‘दुसऱ्या देशाची फौज घेते’ म्हणून सांगितलं, तर तो ऐकणारच. त्याला कोणी देशद्रोही म्हणू नये आणि मूर्खही म्हणू नये. आपलं सैन्य स्वतः नेपाळच्या नागरिकांना गोरखा पलटणींत घेत आलं आहे. त्यासाठी १९४७ साली भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांनी त्रिपक्षीय करार केला. अग्निपथ योजना आल्यावर २०२२ पासून नेपाळने ती भरती थांबवली आहे, पण तिकडून आलेल्या जवानाला आपण कधी भाडोत्री म्हटलं नाही.

आता भिलाईचं बोलू. या गावात रशिया हे नाव परकं नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. नागपूर, भंडारा, गोंदियाकडून आलेली आपली माणसं रशियन इंजिनियरांच्या हाताखाली काम शिकली. भारत-सोव्हिएत मैत्रीच्या नावाने इथे उभ्या राहिलेल्या मैत्रीबागेत ज्यांचं लहानपण गेलं असे कितीतरी जण समोर बसले आहेत. त्यामुळे एजंटाने रशियाचं नाव काढलं की घरातला म्हातारा म्हणतो, ‘रशियन माणूस दिलाचा चांगला.’ आजोबा खोटं सांगत नाहीत. पण आजोबा ज्या करारावर कामाला लागले, त्याच्या दोन्ही बाजूंना सरकारं होती. नातवाच्या करारावर आपल्या बाजूने कोण सही करतंय? माझं आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नाचं आहे.

काय घडलं ते ऐका. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने दिल्ली, मुंबई, तिरुवनंतपुरम, चेन्नई अशा अनेक शहरांत छापे घातले. सोशल मीडियावरून आणि ओळखीतून मुलांना रशियात चांगल्या पगाराची नोकरी लावतो म्हणून नेलं जात होतं. कोणाला हेल्परचं काम सांगितलं, कोणाला सुरक्षारक्षकाचं, कोणाला स्वस्त फीच्या कॉलेजात प्रवेश. तिथे पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतले, थोडं लढाईचं शिक्षण दिलं आणि युक्रेन युद्धाच्या आघाडीवर पाठवलं. कागद रशियन भाषेत. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय स्वतः काढला. १७ जानेवारी २०२५ रोजी परराष्ट्र मंत्रालयाने जे सांगितलं त्यानुसार तोवर १२६ भारतीयांची प्रकरणं उघड झाली होती. त्यातले ९६ परतले, १२ मरण पावले आणि १६ जणांचा ठावठिकाणा नव्हता. मेलेल्यांत सुरतचा मुलगा होता, हैदराबादचा होता, केरळचा होता.

त्यांतले सगळेच फसवले गेले असंही नाही. काहींनी जाणूनबुजून सही केली असेल. पण ज्या भाषेत आपल्याला रेल्वेचं तिकीटही वाचता येत नाही, त्या भाषेतल्या करारावरची सही जाणूनबुजून केली म्हणायची कशी? कोर्टात मी असा करार फाडून काढला असता. अडचण ही, की ते कोर्ट दुर्गला नाही.

मग सरळ मार्ग आहेत का? आहेत. ब्रिटिश सैन्य कॉमनवेल्थ देशांचे नागरिक घेतं आणि भारत त्यात आहे. १८३१ साली उभी राहिलेली फ्रान्सची फॉरेन लीजन जगातल्या कुठल्याही देशाचा माणूस घेते. मात्र स्वखर्चाने फ्रान्सला जाऊन त्यांच्या दारात उभं राहावं लागतं आणि पहिला करार पाच वर्षांचा असतो. अमेरिका ग्रीन कार्ड असलेल्यांना घेते. कॅनडाने २०२२ पासून कायम रहिवाशांना दार उघडलं. यांतल्या एकाही ठिकाणी एजंट लागत नाही. जो माणूस ‘लीजनमध्ये लावून देतो, दोन लाख द्या’ म्हणतो, तो लीजनचा नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

इथे कोणीतरी म्हणेल, आपले थोर लोकही परक्यांकडे लढाई शिकायला गेले होते. खरं आहे. आणि नाव घ्यायचं तर आपल्याच वाटेवरच्या वर्ध्याचं घ्या, पांडुरंग सदाशिव खानखोजे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा तरुण घर सोडून निघाला, जपानमार्गे अमेरिकेला पोचला आणि कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपाइस मिलिटरी अकादमीत शिकला. पुढे गदर चळवळीत पडला. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या मदतीने इराणात इंग्रजांशी लढला, पकडला गेला, निसटला. परक्या देशाचं शिक्षण, परक्या देशाचा पैसा, परकी भूमी. पण कोणाविरुद्ध लढायचं हे त्याचं त्यानेच ठरवलेलं होतं. त्याची किंमतही त्याला ठाऊक होती. इंग्रज असेपर्यंत त्याला उघडपणे मायदेशी परतता आलं नाही. तो मेक्सिकोत गेला, चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाला, मक्याच्या आणि गव्हाच्या नव्या जातींवर त्याने काम केलं, आणि दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्याला आपल्या भित्तिचित्रात बसवलं. रायफल शिकायला गेलेल्या वर्धेकराची मेक्सिकोत ओळख राहिली ती कणसाची! १९६७ साली ते नागपुरात वारले. वीणा गवाणकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं आहे; जाणाऱ्या मुलाने ते आधी वाचावं. खानखोज्यांचं नाव घेऊन एजंटाकडे जाऊ नये, एवढीच माझी विनंती.

दुसरी मराठी माणसं वेगळ्या वाटेने परक्या सैन्यात जातात, आणि त्यांची गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही. सिंगापूरला कायम रहिवासी झालेल्या मराठी इंजिनियराच्या मुलाला तिथे दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. आई-वडील कायम रहिवासाचा अर्ज भरतात तेव्हा मुलगा तीन वर्षांचा असतो. कागद त्याच्या नावाने अठराव्या वर्षी बोलतो. इस्रायलमध्ये कोकणातून गेलेले आपले बेने इस्रायल आहेत, घरात अजून मराठी बोलणारे. त्यांची मुलं-मुली तिथल्या कायद्याप्रमाणे सैन्यात जातात. आता आपला नियम पाहा. परदेशी सैन्यात नोकरी केलेल्याला, निवृत्त झाला असला तरी, आपण भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड देत नाही. आजी अलिबागची, आणि नातवाला कार्ड नाही! शेवटी जुलै २०१७ मध्ये पंतप्रधानांनी तेल अवीवमध्ये जाहीर केलं, की सक्तीची सेवा केलेल्यांनाही ते मिळेल. म्हणजे स्वखुशीने गेलेला आणि सक्तीने गेलेला यांत फरक केला गेला. हथखोजचा मुलगा सही करील तो स्वखुशीने गेलेला धरला जाईल.

कायद्याची आणखी दोन वाक्यं. १८७४ सालचा परदेशी भरती कायदा अजून जिवंत आहे. आपल्या भूमीवर परक्या राज्यासाठी माणसं भरती करणाऱ्याला रोखायचा अधिकार तो सरकारला देतो. म्हणजे तो हात घालतो दलालावर. जाणाऱ्यासाठी वेगळं कलम आहे. भारताशी शांततेचे संबंध असलेल्या राज्याविरुद्ध युद्ध करणं हा गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत हे फक्त आशियाई सत्तांपुरतं होतं. १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या न्याय संहितेत ते कुठल्याही परदेशी राज्याला लागू केलं आहे. आपले रशियाशीही संबंध चांगले आणि युक्रेनशीही. मुलाने कोणत्याही बाजूची बंदूक धरली, तरी हे कलम त्याच्यावर लावता येईल.

आणि पकडला गेला तर? २०२२ मध्ये युक्रेनच्या सैन्यात रीतसर दाखल झालेल्या दोन ब्रिटिशांना आणि मोरोक्कोच्या एका तरुणाला रशियाच्या ताब्यातल्या दोनेत्स्कच्या कोर्टाने भाडोत्री ठरवून मृत्युदंड सुनावला. कैद्यांच्या अदलाबदलीत ते सुटले, पण ती अदलाबदल मोठ्या राज्यांनी मागे लागून घडवली होती. आपल्या मुलामागे कोण लागणार? दूतावास प्रयत्न करतो, ९६ जण परत आले हेही खरं. तरी परक्या फौजेचा गणवेश घातलेल्या माणसासाठी आपल्या दूतावासाचा हात किती पोचतो, याला मर्यादा आहे.

एक गोष्ट मी जाणून टाळली आहे. या मुलाला इथे काम का मिळत नाही, ठेकेदार पीएफ का भरत नाही, आणि बारा तासांच्या वेल्डिंगपेक्षा खंदक बरा असं त्याला का वाटतं, हे व्याख्यानात सुटणारं नाही. त्याचे खटले मी वेगळे लढतो. पण हथखोजमध्ये ज्यांचे कारखाने आहेत असे काही गृहस्थ पुढच्या रांगेत बसले आहेत, त्यांनी हे ऐकलं असेल अशी आशा आहे.

आई-बापांना एवढंच सांगतो, मुलाला रागावू नका, कोंडू नका. त्याच्याकडून कागद मागून घ्या. एजंटाचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेलं आहे का ते पाहा. नसेल तर पोलिसांत कळवा. आणि कुठल्याही देशाच्या, कुठल्याही भाषेतल्या करारावर सही करण्याआधी तो कागद माझ्याकडे आणा. माझा नंबर संयोजकांकडे आहे. फी घेणार नाही.