आपल्या मुलींनी बी.एड. करावे



उर्दू शाळेला गणिताचा शिक्षक मिळत नाही, ही आपली तक्रार. पण तो आपण घडवला का?

आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. तिथल्या 1918 च्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवत. 1948 नंतर ती वाट बंद झाली. 1998 साली हैदराबादलाच मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ सुरू झाले. तिथे उर्दूतून बी.एड. होते आणि त्याचे एक अध्यापक महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादेत आहे.

बी.एड. म्हणजे नुसता कागद नव्हे. माझ्या पहिल्या सरावपाठात मी सगळा तास फळ्याशीच बोललो! मागच्या बाकावरचे मूल गप्प का, हे पाहायला तिथेच शिकलो.

2015 पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. मुलीला परगावी ठेवायचे म्हणजे जिवाला घोर, हे मान्य. पण मुलाला दुकान घालून देताना आपण उसनवारी करतो, मुलीसाठी मात्र हात आखडतो. संस्थेने बी.एस्सी. झालेल्या दोन मुलींचा वसतिगृहाचा खर्च उचलावा आणि त्यांनी परतून इथे शिकवावे, अशी माझी विनंती आहे. प्रवेशपरीक्षेचा अर्ज मी भरून देईन. शाळा सुटल्यावर या.