खेळाच्या पेटीची काच

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून काय बोलावे याचे काही संकेत ठरून गेलेले आहेत. झाशीत मराठी माणसाने बोलावयाचे म्हटले की नारोशंकरांपासून आरंभ करावा, गंगाधरराव व लक्ष्मीबाई यांचा १८४२ साली ज्या गणेशमंदिरात विवाह झाला त्याचे स्मरण करावे आणि किल्ल्याकडे हात जोडून समारोप करावा. त्या विषयांवर माझ्याहून अधिकारी वक्ते या मंडपात बोलून गेले आहेत. मी आज एका काचेविषयी बोलणार आहे. मी कला शाखेचा पदवीधर, आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेलेले. तेव्हा काचेवर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? अधिकार एवढाच, की कार्यकारिणीने हे काम माझ्याकडे सोपविले आणि सोपविलेल्या कामाची टिपणी तयार करावयाची ही सवय मला नोकरीने लावली आहे.

प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. आपल्या तरुण सभासदांनी बालविभागासाठी प्लायवूडची एक उभी पेटी स्वहस्ते बनविली. तिच्यात एक जुना संगणक व त्याचा चपटा पडदा बसविला. पुढे दांडी आणि बटणे लावली. जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये उभे राहून जे खेळ खेळावयाचे, ते आता आपल्या सभागृहात विनामूल्य खेळता येतील. पेटी रंगवून सिद्ध झाली. फक्त पडद्यापुढची चौकट उघडी राहिली. तेव्हा कोणी सुचविले की ग्रंथालयाच्या जुन्या कपाटाच्या दारातील काच पडून आहे, तीच कापून बसवावी, खर्च वाचेल. कोणी म्हणाले, काच कशाला, पेटीलाच कुलूप लावावे आणि वर्षातून दोनदा उघडावी. या दोन्ही सूचनांना माझा विरोध आहे. तो का, हे सांगण्यासाठी ही संधी घेत आहे.

प्रथम, अशा पेटीला पुढे काच असते तरी कशासाठी? १९७२ साली अमेरिकेतील अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा खेळ बाजारात आला आणि १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ निर्माण केला. त्या काळी पडदा म्हणजे चित्रनलिका. तिच्या पोटात निर्वात पोकळी, आणि बाहेरून हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. वीस इंची नलिकेच्या केवळ दर्शनी भागावर हिशेबाने बाराशे किलोंहून अधिक भार पडतो. अशी नलिका फुटली तर ती आतल्या बाजूस कोसळते आणि तिचे तुकडे वेगाने बाहेर उडतात. म्हणूनच आरंभीच्या दूरचित्रवाणी संचांत नलिकेपुढे निराळी जाड काच बसवीत. पुढे नलिकेलाच पोलादी पट्टा आवळण्याची रीत आली. खेळाच्या पेटीतील काचेला याखेरीज आणखी कामे असत. तिच्यावर छापलेल्या चौकटीमुळे आतील तारा व खिळे झाकले जात. ‘स्पेस इन्व्हेडर्स’चा पडदा मुळात कृष्णधवल, त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावून रंगाचा आभास निर्माण केलेला होता. आपल्यापैकी ज्यांच्या घरी कृष्णधवल दूरचित्रवाणीवर निळसर प्लॅस्टिकचा पत्रा टांगलेला असे, त्यांना ही युक्ती परकी वाटणार नाही. आमच्या कार्यालयांत संगणक आले तेव्हा त्यांच्या पडद्यांवरही चकाकी कमी करणाऱ्या काळसर काचा अडकविलेल्या असत.

आज चित्रनलिका गेली. आपल्या पेटीतला पडदा चपटा आहे. त्यात निर्वात पोकळी नाही, स्फोटाचे भय नाही. परंतु तो नाजूक आहे. बोटाने जोरात दाबले तरी त्याच्या आतील पातळ थर दुखावतात. तेव्हा पूर्वी पडद्यापासून माणसाचे रक्षण करावयाचे होते, आता मुलांच्या कोपरांपासून पडद्याचे करावयाचे आहे. आणि येथेच मुख्य प्रश्न उभा राहतो. पडद्याचे रक्षण करण्यासाठी जी वस्तू लावावयाची, तिच्यापासून मुलांचे रक्षण कोण करणार?

या संदर्भात एक प्रसिद्ध उदाहरण देतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील ‘मोनालिसा’ हे चित्र १९११ साली चोरीस गेले. चोर निघाला व्हिन्सेन्झो पेरुजा, संग्रहालयातील चित्रांना काचा बसविण्याच्या कामावर राहून गेलेला एक कारागीर. चित्र दोन वर्षांनी परत मिळाले. पुढे १९५६ साली एका प्रेक्षकाने त्यावर दगड भिरकावला. चित्रापुढे काच होती, पण ती फुटली आणि चित्रातील स्त्रीच्या कोपराजवळचा रंगाचा कण निखळला. त्यानंतर तेथे गोळीलाही दाद न देणारी काच आली. २०२२ च्या मे महिन्यात एकाने त्या काचेवर केक फासला, तेव्हा पुसून घेण्यापलीकडे काही करावे लागले नाही. काच होती दोन्ही वेळा. फरक काचेच्या जातीचा होता.

आता आपल्यापुढील पर्याय पाहू. साधी खिडकीची काच स्वस्त आहे, तिच्यावर सहसा ओरखडे उठत नाहीत आणि ती पुसण्यास सोपी. पण ती फुटते तेव्हा तिचे लांब, सुरीसारखे तुकडे होतात. आपल्या पेटीपुढे सहा ते बारा वर्षांची मुले उभी राहणार. त्यांच्या डोळ्यांची उंची आणि काचेची उंची एकच. एकाच्या हाती दांडी असेल आणि मागे चार जण ‘आता माझी पाळी’ म्हणून रेटत असतील. कपाटाच्या दारात ती काच पन्नास वर्षे टिकली, कारण कपाटापुढे कोणी रेटारेटी करीत नव्हते.

दुसरा पर्याय टफन काचेचा. तिचे तत्त्व आपल्या आजीच्या कंदिलाकडून समजून घेता येईल. तळेगावला १९०८ साली पैसा फंडाच्या पैशांतून काचेचा कारखाना निघाला आणि कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील पुढे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. त्या कंदिलाच्या तापलेल्या चिमणीवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकत असे. थेंबाखालची काच एकाएकी आकसे, भोवतालची तशीच ताणलेली राही, आणि त्या ओढाताणीत तडा जाई. टफन काच बनविताना हीच ओढाताण मुद्दाम आणि सर्वत्र सारखी निर्माण करतात. काच सहाशे अंशांहून अधिक तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडले की पृष्ठभाग आधी घट्ट होतो, गाभा मागाहून निवतो, आणि पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. अशी काच साध्या काचेच्या चारपाच पट बळकट असते. फुटलीच तर बोथट दाणे होऊन सांडते. अडचण एकच : एकदा टफन केलेली काच कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. माप आधीच बिनचूक द्यावे लागते. आपली चौकट हाताने केलेली असल्यामुळे तिचे चारही कोन काटकोन असतील, असे आपले तरुण सुतारही छातीठोकपणे म्हणत नाहीत.

तिसरा पर्याय ॲक्रिलिकचा. ही वस्तू १९३० नंतरच्या दशकात जर्मनी व इंग्लंडमध्ये बाजारात आली आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या खिडक्यांसाठी वापरली गेली. वजनाने ती काचेच्या निम्मी. आपल्या चौकटीस ६० बाय ४० सेंटिमीटरचा, ४ मिलिमीटर जाडीचा तुकडा हवा; तो काचेचा घेतला तर २.४ किलो भरेल, ॲक्रिलिकचा घेतला तर सव्वा किलोच्या आत. प्रकाश ती सुमारे ९२ टक्के पार जाऊ देते, म्हणजे चित्र मंद दिसत नाही. तिच्यावर ओरखडे मात्र लवकर उठतात आणि ती ज्वलनशील आहे. चौथी वस्तू पॉलिकार्बोनेट. ती हातोड्यालाही सहसा दाद देत नाही, पण ओरखड्यांच्या बाबतीत ॲक्रिलिकहूनही हळवी आणि किमतीने अधिक.

सर्व बाजू पाहून माझी शिफारस ४ मिलिमीटर ॲक्रिलिकची आहे. ते गावातच कापून मिळते, चौकट तिरकी निघाली तर कानसीने घासून बसविता येते आणि चारदोन वर्षांत ओरखड्यांनी धुरकटले तर थोड्या खर्चात बदलता येते.

आता ते बसविण्याविषयी. येथे झाशीचे हवामान विसरून चालणार नाही. आपल्याकडे जानेवारीत पारा पाच अंशांपर्यंत उतरतो आणि मेमध्ये पंचेचाळिशी ओलांडतो. चाळीस अंशांच्या या फरकात ६० सेंटिमीटर काच केवळ पाव मिलिमीटरच्या आत वाढते. तेवढेच ॲक्रिलिक दीड मिलिमीटरहून अधिक वाढते. थंडीत कोणी ते चौकटीत ठोकून घट्ट बसविले, तर उन्हाळ्यात त्याला पसरावयास जागा राहणार नाही आणि मधोमध फुगवटा येईल. म्हणून तुकडा लांबी व रुंदीला चौकटीहून तीन मिलिमीटर कमी कापावा. त्याला गोंदाने चिकटवू नये. चौकटीच्या आत लाकडी पट्टी ठोकून तिच्यावर मऊ फेल्ट लावावे, त्यावर ॲक्रिलिक टेकवावे आणि आतल्या बाजूने दुसरी पट्टी स्क्रूंनी बसवावी. स्क्रू पट्टीतून जावेत, ॲक्रिलिकमधून नव्हे. ते आतून असावेत म्हणजे मुलांच्या हाती लागणार नाहीत, आणि स्क्रूच असावेत म्हणजे साफसफाईसाठी पट्टी काढता येईल.

पडदा आणि ॲक्रिलिक यांच्यामध्ये एक सेंटिमीटर मोकळे अंतर असावे. आपल्या घरांतील तसबिरी आठवा. १८९४ साली मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि देवादिकांची चित्रे घरोघरी भिंतींवर गेली. त्यांतील जी चित्रे काचेला भिडवून मढविली, ती दमट हवेत काचेला चिकटली व सोडविताना फाटली. चित्र आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट ठेवणारा कारागीर शहाणा. आपल्या पडद्यालाही, कोणी पुढून रेटले तर ॲक्रिलिक वाकेल तेवढी जागा हवी. हे अंतर फार वाढविल्यास चित्र विहिरीत दिसल्यासारखे दिसते. पेटीच्या पाठीत वरखाली हवेची भोके ठेवावीत. वर नाव उजळण्यासाठी एलईडीची पट्टी लावावी, तापणारा दिवा लावू नये. ॲक्रिलिक पेटते हे मी आताच सांगितले.

सभागृहातील ट्यूबलाईटचे प्रतिबिंब हा आणखी एक प्रश्न. ॲक्रिलिकचा वरचा काठ किंचित पुढे आणि खालचा मागे घेतला, तर प्रतिबिंब खेळणाऱ्याच्या डोळ्यांऐवजी जमिनीकडे जाते. कडा कानसून गोल कराव्यात. वरचा संरक्षक कागद सर्व काम आटोपल्यावर, अगदी शेवटी सोलावा. पुसताना आधी धूळ फुंकून किंवा पाण्याने घालवावी, मग साबणाच्या पाण्यात भिजविलेले मऊ सुती फडके फिरवावे. स्पिरिट अथवा काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रावण वापरू नये. त्याने ॲक्रिलिकवर बारीक तडे पडतात. आपल्याकडच्या लूच्या दिवसांत पेटीवर जी रेती बसते, ती कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे पॉलिशपेपर घासणेच होय.

राहता राहिली कुलपाची सूचना. ती करणाऱ्या आमच्या ज्येष्ठांविषयी मला नितांत आदर आहे. जपून ठेवण्याची ही वृत्ती नसती तर मंडळाची पन्नास वर्षांची इतिवृत्ते आज हाती लागली नसती. या शहराला तर जपणुकीचे मोल निराळे सांगावयास नको; १८५८ साली येथील ग्रंथसंग्रहाची जी वाताहत झाली, ती गोडसे भटजींनी ‘माझा प्रवास’मध्ये डोळ्यांदेखत पाहिलेली लिहून ठेवली आहे. तथापि आपल्या ग्रंथालयाच्या कपाटाकडेही एकदा पाहावे. त्याला काच आहे आणि कुलूपही आहे. पुस्तके सुरक्षित आहेत. पण मराठी अक्षर अडखळत वाचणारी आपली मुले त्या काचेपुढून दर रविवारी जातात आणि कपाट उघडावे असे त्यांना सांगावेसे वाटत नाही.

या पेटीमुळे गेल्या महिन्यात काय घडले ते मी पाहिले आहे. पाळी ठरविण्यासाठी मुलांनी वही केली. तीत नावे मराठीत लिहावयाची, हा नियम त्यांनीच केला. हिंदीत वाढलेली मुले ‘अरे, सरक ना’ म्हणू लागली. एवढ्याने भाषा टिकते असे मी म्हणणार नाही. पण मुले सभागृहात आलीच नाहीत, तर टिकवावयाचे ते कोणासाठी? आणि पहिल्याच आठवड्यात काच फुटून एखाद्याच्या डोळ्याला इजा झाली, तर पेटी बंद होईल. पेटीबरोबर मुलेही जातील आणि त्यांचे आईवडील पुन्हा पाठविणार नाहीत. दोनचारशे रुपये वाचविण्यासाठी एवढा धोका पत्करू नये, हे माझे सांगणे आहे.

म्हणून दोन विनंत्या करतो. कपाटाची जुनी काच पेटीला लावू नये. ॲक्रिलिकचा खर्च कार्यकारिणीने मंजूर करावा, न केल्यास तो मी देईन. आणि ज्या दिवशी पेटीला ॲक्रिलिक बसेल, त्याच दिवशी ग्रंथालयाच्या कपाटाचे कुलूप काढून किल्ली पाळीची वही सांभाळणाऱ्या मुलांच्या स्वाधीन करावी. पुस्तकांच्या कडा थोड्या मळतील. त्या मळू द्याव्यात.

 मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांस शुभेच्छा देऊन माझे भाषण संपवितो.

जय हिंद. जय महाराष्ट्र.