मनोरुग्णांची शुश्रूषा आणि रात्रपाळी



मजुरांच्या चळवळीत हयात घालवलेल्या माणसाने मनोविकारांवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. पण परिचारिका, आया, वॉर्डबॉय यांच्या पाळ्यांसाठी भांडता भांडता हा विषय आमच्या पदरी आला, आणि मग रात्री बसून आम्ही तो वाचला.

वाटाघाटींत एक प्रश्न ठरलेला असतो. रात्री रुग्ण झोपलेले असतात, मग इतकी माणसे कशाला? खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेला माणूस पुष्कळदा पहाटे तीन-चारलाच जागा होतो, आणि सकाळचे प्रहर त्याला सर्वांत जड जातात. म्हणजे वॉर्डात माणसे कमीत कमी असतात, नेमक्या त्या वेळी! अशा वेळी शहाणी परिचारिका "विसरा हो सगळे" असे म्हणत नाही. ती खाटेशेजारी दहा मिनिटे गप्प बसते. हजेरीपटात या बसण्याला रकाना नाही. आमच्या मते ते कामच आहे. मरणाचे विचार येतात का, हेही ती सरळ विचारते. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. रुग्ण सुधारू लागला की घरचे निर्धास्त होतात, पण पुष्कळदा हातापायांत बळ आधी येते आणि निराशा मागाहून जाते. म्हणून त्या दिवसांत पहारा सैल करावयाचा नसतो.

उन्मादाचा रुग्ण याच्या अगदी उलट. तो बसत नाही, झोपत नाही. वाढलेले ताट तसेच राहते. मग चालता चालता खाता येईल अशी पोळीची गुंडाळी किंवा केळे त्याच्या हाती द्यावे लागते, पाणी पुनःपुन्हा पुढे करावे लागते. वाद घालावयाचा नाही, आवाज चढवावयाचा नाही. एका परिचारिकेकडे चाळीस खाटा असतील तर हे कसे व्हावे?

या विकारावर लिथियम गुणकारी ठरते, हे १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी दाखवले. पण त्याच्या गुणाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे. उन्हाळ्यात घाम फार गेला, जुलाब झाले किंवा कुणी अळणी उपास धरला, तरी रक्तातले लिथियम वाढते. हात जोराने कापू लागतात, ओकाऱ्या होतात, चाल डळमळते, बोलणे जड होते. फेरीवर पाच मिनिटे येणाऱ्या डॉक्टरांना हे दिसेलच असे नाही. दिसते ते दिवसभर जवळ वावरणाऱ्या आयाबाईला. तिने सांगावे आणि कुणी ऐकावे, इतका मान तिला वॉर्डात हवा.

आता कायद्याचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीला पूर्ण बंदी केली. तत्काळ इजेचा धोका टाळण्यास दुसरा मार्गच नसेल, तरच रुग्णाला बांधता येते, आणि तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या मान्यतेने. केवळ माणसे कमी आहेत म्हणून बांधणे त्यात स्पष्ट शब्दांत निषिद्ध आहे. हे वाक्य वाचून आम्हाला आनंद झाला, आणि लगेच अंदाजपत्रक आठवले. दोरी सोडली, हे योग्यच झाले. तिच्या जागी जो माणूस उभा करावयाचा, त्याचा पगार कुणी मंजूर केला?

श्रोत्यांपैकी कुणाचे आप्त अशा वॉर्डात असतील, तर भेटीला जाल तेव्हा एवढे विचारा: रात्री येथे किती रुग्ण, आणि त्यांच्यापाशी जागी माणसे किती?