खातीनची धुराडी

बेलारूस देशातल्या मिन्स्क शहराहून उत्तरेला वितेब्स्कच्या रस्त्याने निघाले, की पन्नासेक किलोमीटरवर रानात एक फाटा फुटतो. त्या वाटेने खातीन गाव लागते. गाव म्हणायचे, पण घर एकही नाही. २६ घरांच्या जागी सिमेंटच्या नुसत्या चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत एकेक धुराडे. (पोलंडचे लष्करी अधिकारी १९४० साली मारले गेले ते रशियातले कातिन निराळे. शिक्षकांनी मुलांना सांगताना गल्लत होऊ देऊ नये.)

२२ मार्च १९४३. सकाळी रानात लपून लढणाऱ्या टोळीने जर्मन पोलीस पलटणीच्या गाड्यांवर गोळ्या झाडल्या. त्यात हान्स व्योल्के हा कप्तान मेला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये गोळाफेकीचे सुवर्णपदक मिळवलेला हाच तो. सूड मात्र गावावर घेतला. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या बाया, सारे गवताने शाकारलेल्या कोठारात कोंडले आणि आग लावली. दार मोडून बाहेर आले, त्यांना गोळ्या घातल्या. १४९ माणसे गेली. त्यांत ७५ मुले. म्हणजे निम्मी पोरेच की!

मारणारे सगळे जर्मन नव्हते. त्या पलटणीत शेजारच्या युक्रेनमधले पुष्कळ जण होते. सोव्हिएत अमलात ही गोष्ट दाबून ठेवली गेली. माझ्या मते ती सांगितलीच पाहिजे, नाहीतर मुलांना वाटेल की असली कामे परकेच करतात.

आत शिरताच सुमारे सहा मीटर उंचीचा पुतळा दिसतो. हा गावचा लोहार, युझिफ कामिन्स्की. मोठ्या माणसांत एवढाच वाचला. भाजलेला, जखमी. शुद्धीवर येऊन शोधू लागला, तो मुलगा सापडला. अजून धुगधुगी होती. बापाच्या हातांवरच त्याने प्राण सोडला.

मग घरांकडे वळा. प्रत्येक घराचे फाटक उघडेच आहे, पाहुण्याला असावे तसे. आत जाऊन धुराड्यावरची पाटी वाचा; त्या घरातल्या माणसांची नावे आहेत. तिकडची घरे लाकडाची. जळाली की धुराडे तेवढे उभे राहते. १९६९ साली स्मारक उभारणाऱ्यांनी हे बरोबर हेरले. माथ्यावर घंटा आहे. दर ३० सेकंदांनी साऱ्या घंटा वाजतात.

पलीकडे गावांचे कब्रस्तान आहे. माणसांचे नव्हे, गावांचे! पुन्हा कधीच न वसलेल्या आणखी १८५ गावांची माती तिथे आणून ठेवली आहे.

मिन्स्कहून सकाळी निघालात तर संध्याकाळी परत येता येते. पण सगळ्या पाट्या वाचायच्या असतील, तर गाडीवाल्याला थांबायला सांगून ठेवा.