सुप्याचे आरोळे : एका डॉक्टर घराण्याची हकीकत

अमेरिकेच्या जुन्या हकीकतींत सरहद्दीवरच्या डॉक्टराला मोठा मान आहे. औषधांची पेटी घोड्यावर टाकून तो एकटाच वस्त्यांवस्त्यांतून हिंडे. पुढें कित्येकदां त्याचीं मुलें व नातवंडें तेंच काम उचलीत आणि त्यांतून एक घराणें उभें राही. पण अशी सरहद्द केवळ अमेरिकेंतच असते असें नाहीं. जेथें सडक संपते आणि औषध पोंचत नाहीं, तेथें ती सुरू होते. आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत अशा सरहद्दीवर ज्या घराण्यानें आयुष्य वेंचलें, त्याची हकीकत पारनेर तालुक्यांतून सुरू होते.

नगरहून पुण्यास जातांना वाटेवर सुपा लागतें. तेथें १० जुलै १९३४ रोजीं रजनीकांत शंकरराव आरोळे ह्यांचा जन्म झाला. आईवडील दोघेहि शिक्षक. वडील पुढें शाळातपासनीस झाले. ह्या घरांतला वारसा शिकविण्याचा होता, आणि पुढें तोच कामास आला.

रजनीकांत वैद्यक शिकण्यास वेल्लोरला गेले. त्या संस्थेमागेंहि एक घराणेंच आहे. डॉ. जॉन स्कडर हे १८१९ सालीं अमेरिका सोडून पूर्वेकडे आले. त्यांच्या अनेक वंशजांनीं हिंदुस्थानांत वैद्यक केलें. त्यांची नात आयडा तरुण असतांना एकाच रात्रीं तीन घरचे पुरुष, बायका अडल्या म्हणून, तिच्याकडे मदत मागावयास आले. तिचे वडील डॉक्टर होते, परंतु पुरुषाचा हात त्या घरांना चालत नव्हता. तिघीहि दगावल्या. त्या रात्रीनें आयडाला डॉक्टर केलें, आणि १९१८ सालीं वेल्लोरला मुलींची वैद्यकशाळा निघाली. मुलांना तेथें प्रवेश मिळाला तो १९४७ सालीं.

वेल्लोरलाच रजनीकांतांची मेबल इमॅन्युएल ह्यांच्याशीं ओळख झाली. १९५९ सालीं दोघेहि पदवीधर झाले. १९६० सालीं विवाह झाला, आणि त्या दिवशींच खेड्यांतल्या गोरगरिबांची सेवा करण्याचें व्रत दोघांनीं घेतलें. नगर जिल्ह्यांतील वडाळ्याच्या मिशन इस्पितळांत काम करतांना त्यांना एक गोष्ट खुपूं लागली. बरा होऊन गेलेला रोगी थोड्याच दिवसांत तेंच दुखणें घेऊन परत येई. कारण गांवांतलें घाण पाणी व घरांतली उपासमार जशीच्या तशीच होती. उपाय इस्पितळाबाहेर शोधावयास हवा होता. त्यासाठीं अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून १९७० सालीं त्यांनीं जामखेड गांठलें. एका पडीक गुरांच्या दवाखान्यांत काम सुरू झालें.

आरंभींची योजना फसली. शिकलेल्या परिचारिका खेड्यांत राहावयास तयार होईनात, आणि गांवकऱ्यांचाहि त्यांच्यावर विश्वास बसेना. तेव्हां गांवानेंच आपल्यांतली एक बाई निवडावी आणि तिला शिकवावें, असें ठरलें. ह्या बायकांपैकीं कित्येकींना अक्षरओळख नव्हती. कित्येकी दलित वस्तीतल्या होत्या. बाळंतपण, मुलांचें वजन, अतिसारावर मीठ-साखरेचें पाणी, हें ज्ञान त्यांनीं घरोघर पोंचविलें. दुष्काळांत विंधनविहिरी खणण्याची वेळ आली, तेव्हां आरोळे दांपत्यानें पाण्याची जागा मुद्दाम दलित वस्तीजवळ पाहविली. साऱ्या गांवाला तेथेंच घागर घेऊन यावें लागलें. शिवाशिवीवर शंभर व्याख्यानांनीं जें झालें नसतें, तें एका पंपानें झालें.

१९७१ सालीं तेथें हजार बालकांमागें सुमारें १७६ बालकें वर्षाच्या आंत मरत. १९९० नंतर तें प्रमाण तिशीखालीं आलें. १९७९ सालीं दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ सालीं व रजनीकांत २०११ सालीं निवर्तले, कन्या डॉ. शोभा आरोळे ह्यांनीं काम पुढें नेलें.

तथापि ह्या घराण्याची वंशावळ रक्ताच्या नात्यानें पुरी होत नाहीं. डॉक्टराची विद्या डॉक्टराच्या मुलालाच मिळावी, ही जुनी रीत. शिक्षकाच्या ह्या मुलानें ती गांवच्या निरक्षर बाईच्या ओटींत घातली. ज्या घरांत अशा बाईनें एक मूल वांचविलें, तें घरहि ह्याच घराण्याची एक शाखा होय.